अप्पांच्या आधी बसलेला

सिद्धलिंगअप्पा माघात गेले. ताडकळसच्या बाजारात त्यांचं किराणा दुकान होतं, पण लोक त्यांना ओळखायचे ते दोन सवयींवरून. कुणाच्याही दारात आले की हाक मारायचे नाहीत. दोनदा खाकरायचे आणि उभे राहायचे. दुसरी सवय उठण्याची. लग्नात, पंगतीत, बसमध्ये कुणाला जागा नाही असं दिसलं की अप्पा उठलेच. मी एस.टी.त बत्तीस वर्षं कंट्रोलर होतो. तिकीट काढून गंगाखेडपर्यंत उभा जाणारा, आणि तोही रिकाम्या जागेशेजारी, असा प्रवासी मी एकच पाहिला. विचारलं तर म्हणायचे, "कुनी तरी येईल की, किशनराव."

अप्पा लिंगायत. त्यांच्यात जाळत नाहीत. आपल्याच शेताच्या मातीत, मांडी घालून बसवतात. जागा ठरली कोपऱ्यातल्या कडुलिंबाखालची. फांद्यांमुळे तिथं जेसीबी शिरेना, म्हणून शेजारच्या शेतातला बालाजी आणि त्याचा भाऊ हातानंच खणत होते. मी काठावर उभा राहून त्यांना मार्गदर्शन करत होतो.

"काका, तुमी जरा सावलीला बसा," बालाजी म्हणाला.

"सावलीतच आहे मी."

"मंग जरा लांबच्या सावलीला बसा."

दोघं पाणी प्यायला विहिरीकडे गेले तेव्हा मी खड्ड्यात उतरलो. खणणं म्हणजे काय ते या पोरांना दाखवायचं होतं. शिवाय मित्राच्या कामाला आपलाही हात लागावा, असं एक उदात्त कारण मी उतरता उतरता शोधून ठेवलं होतं. तिसऱ्या घावाला कुदळीला मऊ लागलं.

आत नारळाएवढी पोकळी होती. तिच्यात एक मोठा बेडूक बसला होता. डोळे मिटलेले, हात छातीखाली ओढून घेतलेले, मान जराशी खाली. तासाभरानं अप्पांना बसवायचं होतं तेही असंच. फक्त त्याच्या मागच्या डाव्या पायाची दोन बोटं माझ्या कुदळीखाली राहिली होती आणि मांडीवर लांबलचक चीर गेली होती.

त्यानं डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. ओरडला नाही. ओरडला असता तर बरं वाटलं असतं.

मी त्याला टोपीत घातलं आणि वर आलो. पोरं परत आली तेव्हा मी लांबच्या सावलीला बसलो होतो.

अप्पांना समाधी देऊन लोक पांगल्यावर मी टोपी अप्पांच्या बायकोपुढे, सिद्धम्मावहिनींपुढे ठेवली.

"कुटं सापडलं हे?"

"खड्ड्यात."

"आन पाय?"

"कुणाची तरी कुदळ लागली असेल. गर्दी होती, वहिनी."

खड्ड्यात मी एकटा होतो.

दिवसभर न रडलेली ती बाई टोपीत बघत बसली. मग म्हणाली, "म्हंजी जागा याची होती. याला उठवून आपन यांना बसवलं." आणि थोड्या वेळानं, "हे जगलं पायजे, भावजी. मेलं तर यांना कळंल. कळलं तर हे तितं बसनार न्हाईत. तुमाला म्हाईत हाय यांचं. उठतेत."

मला हसू यायला पाहिजे होतं. आलं नाही.

जुन्या पितळी घंगाळात ओली माती घालून बेडकाला माजघरात ठेवलं. जखम धुतली, वर ओलं फडकं टाकलं. पुढं दुधात कुस्करलेली दशमी ठेवली, अप्पांना आवडायची. बेडकानं तिच्याकडे पाहिलंही नाही. तिसऱ्या दिवशी मांडी सुजली आणि तो एका अंगावर कलंडला. मी घंगाळ मोटारसायकलवर पुढं धरून जनावरांच्या दवाखान्यात नेलं.

तिथल्या डॉक्टर अर्पिता मॅडमनी रजिस्टर उघडलं. त्यात गाय, म्हैस, शेळी, कोंबडी असे रकाने होते. त्यांनी बराच विचार करून 'इतर'मध्ये खूण केली.

"खायला काय दिलं?"

"दशमी."

"आणखी काय?"

"वर तूप होतं."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. जखम साफ केली, तांबडं औषध पाण्यात अगदी पातळ करून लावलं आणि सांगितलं, "हात ओले केल्याशिवाय धरू नका. पाणी विहिरीचं द्या, नळाचं नको. आणि त्याला गांडूळ द्या, किडे द्या. ते काही व्रताला बसलेलं नाही."

हे वहिनींना सांगणं अवघड होतं. "आमच्या घरात चाळीस वर्सांत अंडं आलं न्हाई," त्या म्हणाल्या. मग पदर सावरून उठल्या, कपाळाला विभूती लावली आणि भिंतीकडे तोंड करून बसल्या. "द्या तुमी."

मी चिमट्यानं गांडूळ पुढं धरलं.

"शिव शिव. खाल्लं का?"

"खाल्लं."

"शिव शिव. आनखी द्या."

तेव्हापासून रोज दुपारी मी गांडूळ घेऊन जायचो आणि वहिनी भिंतीला विचारायच्या, खाल्लं का.

बाराव्या दिवशी, चारच्या सुमाराला, मी आणि त्यांचा मुलगा शिवकुमार ओसरीवर चहा घेत होतो. तो पुण्याहून आलेला, बापाचं सगळं नीट उरकून परत जायच्या घाईत. आतून कुणी तरी दोनदा खाकरलं.

शिवकुमार सवयीनं दार उघडायला उठला. दोन पावलं गेला आणि थांबला. चहा त्याच्या पायावर सांडला होता.

स्वयंपाकघरातून वहिनी म्हणाल्या, "आले वाटतं. पानी न्या रे." मग भांड्यांचा आवाजही थांबला.

मी माजघरात जाऊन पाहिलं. घंगाळात बेडूक बसला होता. दुसरं कुणी नव्हतं.

"काका, बेडकाचाच आवाज आसंल न्हवं?" शिवकुमारनं विचारलं. पुण्यात गेलेली त्याची बोली चहाबरोबर परत आली होती.

"त्याचाच," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी चारला पुन्हा. शिवकुमार रजा शिल्लक असताना पुण्याला गेला. मी दवाखान्यात जाऊन मॅडमना सहज विचारल्यासारखं विचारलं.

"बेडूक पावसाळ्यात ओरडतात, काका. आत्ता कशाला ओरडेल? त्यातून आजारी."

हे मलाही माहीत होतं. कुणी तरी उलटं सांगावं म्हणून तर विचारायला गेलो होतो.

चैत्रापर्यंत मांडी भरून आली. गेलेली बोटं गेली ती गेली. वहिनींनी चार दिवस समाधीशेजारच्या मातीला पाणी घातलं आणि पाचव्या दिवशी संध्याकाळी आम्ही घंगाळ लिंबाखाली आडवं केलं. बेडूक बाहेर आला, जरा थांबला आणि मागच्या पायांनी माती उकरत, बसल्या बसल्या, उलटा आत जाऊ लागला. डावा पाय अडखळायचा, थांबायचा, पुन्हा कामाला लागायचा. शेवटी वर फक्त डोळे राहिले. अप्पांवर माती लोटली तेव्हा मी मान वळवली होती. या वेळी वळवली नाही.

त्या दिवसापासून घरातलं खाकरणं बंद झालं. "आता लय सुनं लागतंय," वहिनी म्हणाल्या. मी मात्र चार वाजले की माझ्याच घरात दाराकडे बघत बसायचो.

श्रावण आला. ओढ्याकाठी बेडकांनी महिनाभर कालवा चालवला होता, पण लिंबाखाली काही हालचाल नव्हती. एका दुपारी वहिनींनी मला बोलावलं. "जगलंय का मेलंय, तुमीच बगून या, भावजी. माझी हिंमत न्हाई."

मी गेलो. समाधीवर हरळी माजली होती. शेजारची माती तशीच, बसलेली. मी गुडघे धरून उकिडवा बसलो. आजूबाजूला कुणी नाही हे पाहून घेतलं.

"अप्पा," मी म्हणालो, "कुदळ माझी होती. बालाजीवर शेखी मिरवायला उतरलो होतो. वहिनींना खोटं सांगितलं."

समाधीच्या दगडाआडची हरळी हलली. बेडूक बाहेर आला. चांगला गुबगुबीत झालेला. डावा पाय ओढत माझ्यापुढं येऊन बसला. मी बोटं मोजली. दोन कमी होती. तोच. मला इतका आनंद झाला की मी त्याला नमस्कार केला.

तेवढ्यात कुणी तरी दोनदा खाकरलं.

मी बेडकाच्या गळ्याकडे पाहिलं. तोंड मिटलेलं होतं. गळा हललाही नव्हता. तोसुद्धा, मला वाटतं, खालीच बघत होता.

आवाज माझ्या पायांखालून आला होता.

बत्तीस वर्षं मी गर्दीला सूचना दिल्या. घसा कोरडा पडला तरी आवाज कधी कापू दिला नाही. तोच आवाज काढून मी मातीला म्हणालो, "बसा अप्पा, बसा. उठू नका. ज्याची जागा होती, तो आहे इथंच. जिवंत आहे. त्याला जागा मिळाली."

मग बराच वेळ काही ऐकू आलं नाही. बेडूक बसूनच होता. मी मात्र मधेच केव्हातरी उठून उभा राहिलो होतो.