चूक, गुरुजी!

महादेवराव गुरुजी वर्गात मुद्दाम खोटं शिकवत. मी त्यांच्या हाताखाली शिकले आणि पुढं त्यांच्याच शेजारच्या वर्गावर मास्तरीण म्हणून लागले, तेव्हा हे कुणाचं ऐकून सांगत नाही. "अफझलखानाची भेट कुठी झाली? पुरंदरावर!" असं ठासून म्हणायचे, मग उजवा हात कानामागं धरायचे आणि गप्प उभे राहायचे. लगेच चौथीची पन्नास पोरं एका सुरात ओरडायची, "चूक, गुरुजी, चूक! प्रतापगड!" गुरुजींचा चेहरा असा खुलायचा, जणू घरी बारसं आहे. "इतिहास नुसता ऐकाचा नसते गा, पकडाचा असते," म्हणायचे.

आमची शाळा नागपूरच्या महाल भागातली. दोन वर्गांच्या मध्ये धड भिंत नव्हती, लाकडी फळ्या ठोकलेल्या होत्या, आणि एका फळीला नेमकी माझ्या डोळ्याच्या उंचीवर फट होती. अलीकडं माझ्या दुसरीचे पाढे, पलीकडं 'चूक, गुरुजी!' अशी आमची जुगलबंदी चालायची.

त्रेसष्ट सालच्या दिवाळीनंतर पलीकडचं 'चूक' फार वाढलं. आधी मला गंमत वाटली. मग एकदा फटीतून पाहिलं, तर गुरुजी शाहिस्तेखानाची बोटं सिंहगडावर तोडत होते, आणि हात कानामागं नव्हता. पोरं "चूक!" म्हणून ओरडली तसे गुरुजी दचकले. पोरं खिदळली, त्यांना तो रोजचा खेळच वाटला. मी मात्र पाढे थांबवून फटीशीच उभी राहिले.

मधल्या सुट्टीत विचारलं तर आधी उडवून लावलं. मग डबा न उघडताच म्हणाले, "शामला, मले काही आठवूनच नाही राहिलं वं. तोंडापर्यंत येते अन् जाते. पोट्टे ओरडले का छातीत धडधडते." डबा बाजूला सारून हळूच म्हणाले, "मार्चात रिटायर होतोच आहो. तेवढं निभू दे. माही रुखमा गेल्यापासून घरी भिंतीशी बोलतो मी. शाळा आत्ताच सुटली त जाऊ कुठी?"

हा माणूस माझ्यासाठी तीन दिवस आमच्या ओट्यावर बसला होता. चौथीनंतर माझी शाळा बंद करायचं बाबांनी ठरवलं होतं. बाबा हो म्हणेपर्यंत आमच्या घरचा चहासुद्धा घ्यायचा नाही, असं गुरुजींनी सांगून टाकलं. म्हणून मी शिकले, नाहीतर मी कुठली मास्तरीण! आता त्यांना मार्चपर्यंत नेऊन पोचवणं माझं काम होतं. मग काय वाटेल ते होवो.

काय काय केलं मी! फळ्यांना पाठ टेकून माझ्या दुसरीच्या पोरांना चौथीचा इतिहास बेंबीच्या देठापासून ओरडून शिकवला, पलीकडं गुरुजींच्या कानावर बरोबर उत्तर पडावं म्हणून. माझी चिल्लीपिल्ली पाढे सोडून लाल महाल घोकू लागली. पण कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं थोडंच राहतं? कुण्या पालकानं तक्रार केलीच. हेडमास्तर बाबारावांनी मला बोलावून सांगितलं, "बुधवारी डिप्टी साहेब चौथीवर तपासणीले येऊन राहिले. गुरुजी त्यांच्यासमोर चुकले, त दुसऱ्या दिवसापासून घरी. माह्या हातात काही नाही बाई."

मंगळवारी शाळा सुटल्यावर मी चौथीच्या पोरांना हापशीजवळ गाठलं. माझा हिशोब सरळ होता. साहेब लोकांचं लक्ष हजेरीपटात असतं, एखादी चूक खपून जाईल. पण पोरं ओरडली तर साहेब मान वर करणार, गुरुजी गोंधळणार आणि सगळंच संपणार.

"उद्या कोणी चूक म्हणायचं नाही," मी म्हटलं. "गुरुजी म्हणतील ते बरोबर. ओरडलात तर गुरुजींना घरी बसवतील."

वर्गाची मॉनिटर गोपिका मोठी चिकित्सक. तिनं विचारलं, "अन् खरंच चुकले तरी?"

"तरीसुद्धा. घे शपथ."

गोपिकानं गळ्याला चिमटा धरला. "गळ्याची शप्पत, बाई." मग पन्नासही जणांनी चिमटे धरले.

बुधवारी गुरुजी धुवट धोतर नेसून, टोपी नीट बसवून आले. आणि काय नवल! प्रतापगड बरोबर, लाल महाल बरोबर, आग्रा बरोबर. आवाजही पूर्वीचा. साहेबांनी हजेरीपट मिटून बाजूला ठेवला आणि ऐकत बसले. फटीला लावलेला माझा डोळा भरून आला. निभलं रे देवा, म्हटलं, निभलं!

"वा, गुरुजी," साहेब म्हणाले. "तुमची म्हणे शिकवायची काही खास रीत आहे. तीही दाखवा की."

गुरुजी हसले. किती महिन्यांनी हसले! खडू टेबलावर ठेवला, पोरांकडं वळले आणि ठासून म्हणाले, "आपल्या महाराष्ट्राची राजधानी कोणती? नागपूर!"

आणि उजवा हात कानामागं नेला.

त्यांना ठाऊक होतं! त्या दिवशी त्यांना सगळं लख्ख ठाऊक होतं. ते खेळत होते, साहेबांना आपली पोरं दाखवत होते. पण वर्ग चिडीचूप.

"काहून गा पोट्टेहो, झोपले काय?" हात तसाच. साहेबही कौतुकानं पोरांकडं पाहत होते. एक आवाज, एकच आवाज पुरला असता. मी कासावीस होऊन फळीवर दोन्ही हात आपटले. पण फळीवर थाप म्हणजे गप्प बसा, हे आमच्या शाळेतल्या शेंबड्या पोरालाही माहीत. पोरांनी तोंडं आणखी घट्ट मिटली. मी ओरडायला हवं होतं. नाही ओरडले. साहेबांना भ्याले, हे कबूल करते.

गुरुजींचा हात हळूहळू खाली आला. त्यांनी कोऱ्या फळ्याकडं पाहिलं, मग पोरांकडं.

"नागपूरच आहे ना?" ते म्हणाले. "छप्पनपर्यंत त राजधानी इथीच होती… मी इतकी वर्षं नागपूरच शिकवलं. गोपिका, तू सांग वं. नागपूरच ना?"

गोपिका उभी राहिली. तिचा हात गळ्याशी गेला.

"हो, गुरुजी. नागपूर."

साहेबांनी खिशातलं पेन काढलं.

दुसऱ्या दिवशी चौथीवर बाबाराव होते. पलीकडून दिवसभर एकदाही 'चूक' ऐकू आलं नाही. मधल्या सुट्टीत गोपिका माझ्याजवळ आली आणि पदर धरून उभी राहिली.

"बाई, गुरुजी काहून नाही आले?" तिनं विचारलं. "आम्ही त कोणीच चूक नाही म्हटलं. गळ्याची शप्पत, बाई. एकानंही नाही."