भुवयांचं उत्तर

कॅनडाच्या पार उत्तरेकडच्या आमच्या इग्लूलिक गावात ‘हो’ म्हणायला कुणी तोंड उघडत नाही. भुवया वर गेल्या की हो, नाक आक्रसलं की नाही. एवढ्या थंडीत उगाच तोंड कशाला वाया घालवायचं, असं माझी आई म्हणते. ओटावाच्या विद्यापीठात येऊन मला आठ महिने झाले, पण भुवयांची सवय काही गेली नाही.

समुद्रावरच्या बर्फाचा विषय हॅल्व्हर्सन सर शिकवायचे. “निवी, समजलं का?” ते विचारायचे. मी भुवया वर करायची. ते थांबायचे आणि तेच पुन्हा सावकाश, बालवाडीतल्या पोराला विचारावं तसं विचारायचे. मी पुन्हा भुवया वर. मग सुस्कारा टाकून ते पुढच्याकडे वळायचे.

सत्र संपताना गुण लागले. वर्गातला सहभाग: शून्य. आणि शून्यवाल्यांना मे महिन्यातल्या बर्फावरच्या मोहिमेत जागा नाही. त्या मोहिमेसाठी तर मी घर सोडून इथे आले होते. खाली शेरा होता, ‘उत्तरेकडच्या मुलांना हा विषय जड जातो.’ ज्या बर्फावर मी चालायला शिकले, तो म्हणे मला जड. माझं डोकंच फिरलं.

माझ्या खोलीत राहणारी अबेना मला ओढतच सरांकडे घेऊन गेली.

“तू वर्गात एकदा तरी उत्तर दिलंस का?” सरांनी विचारलं.

मी भुवया वर केल्या.

सर वाट बघत राहिले. “बघ, आत्ताही गप्पच.”

“अहो सर, हो म्हणाली की ती,” अबेना म्हणाली. “चहा घेतेस का, दिवा घालवू का, आमचं सगळं घर हिच्या भुवयांवर चालतं.”

“आणि ते नाक? मला वाटायचं, माझ्या शिकवण्याला नाक मुरडते.”

“तुम्ही विचारलं होतं, करडा, नवा बर्फ माणसाचं वजन पेलेल का,” मी म्हणाले. “नाही पेलत. माझ्या काकाची बर्फगाडी त्यातच बुडाली.”

सरांचे कान लाल झाले. त्यांनी तो शेरा आमच्यासमोर खोडला. “चुकलं माझं. मी नीट बघितलंच नाही तुझ्याकडे.”

“मग मी येऊ का मोहिमेला?” मी विचारलं.

सरांच्या पांढऱ्या, जाड भुवया हळूहळू वर गेल्या आणि चष्मा नाकावरून घसरला.

“मोठ्याने बोला, सर,” मी म्हणाले. “नाहीतर सहभागाचे गुण जातात.”