भीती घालवायची नोकरी

अडिएरीच्या पोराला घरामागच्या केळीच्या बागेतच पुरलं. माती ओढून झाली तरी रुसोके कुदळ धरून तसाच उभा राहिला. मागे वळलं की बहिणीचं तोंड बघावं लागणार होतं.

अडिएरी हे तिचं मायेचं नाव. टोरो मुलखात माणसाला जन्माच्या नावानं कुणी हाक मारत नाही. बारशाला घरची माणसं आणखी एक नाव देतात आणि पुढे जन्मभर हाक त्याच नावानं. रुसोकेला सगळे अटवोकी म्हणत. आणि असलं नाव, जे फक्त घरच्या माणसाला द्यायचं, ते रुसोकेनं एका चिंपांझीला दिलं होतं. अराली. तेव्हा सगळं गाव हसलं होतं. जंगलाच्या कडेला तो दिसला की बाया हात वर करून विचारायच्या, काय अराली, रात्र कशी गेली?

रुसोकेची नोकरी चिंपांझींची भीती घालवायची. पर्यटक लांबून येतात ते चिंपांझी बघायला, आणि रानातला चिंपांझी माणूस दिसला की पळतो. पळत्या जनावराचं तिकीट कोण काढणार? म्हणून खाकी डगला घालून वर्षानुवर्षं त्यांच्या मागे फिरायचं. ओरडायचं नाही, दगड उचलायचा नाही, खाली बसून पाला चघळल्याचं सोंग करायचं. एक दिवस ती माणसाकडे ढुंकूनही बघेनाशी होतात. मग कॅमेरेवाले येतात, आणि साहेबलोकांच्या दाराशी नवी गाडी उभी राहते. रुसोकेच्या दाराशी काही उभं राहिलं नाही, पण त्याला अभिमान होता. अराली त्याच्याकडे पाठ करून झोपायचा.

जंगल मात्र दरसाल आकसत चाललं होतं. एका अंगानं चहा, दुसऱ्या अंगानं ऊस. उंबर तोडले, आणि उपाशी जनावरं बागांत उतरायला लागली.

संध्याकाळी अडिएरी त्याच्याजवळ येऊन बसली. ती रडत नव्हती.

"पोर ओढून नेलं तो बोटं तुटलेला होता," ती म्हणाली. "डाव्या हाताची. फासात गेलेली. तोच ना?"

रुसोकेनं मान हलवली.

"मी शेंगा खणत होते. पोरगं बांधावर. तो आला ते मी बघितलं, अटवोकी. मला पोर उचलून पळता आलं असतं."

"मग?"

"तूच सांगितलं होतंस. पळू नका, ओरडू नका, खाली बसा, तो काही करत नाही. मी खाली बसले. त्याला नावानं हाक मारली."

रुसोके उठून कुदळीची माती खरवडायला लागला.

दुसऱ्या दिवशी उद्यानाचा साहेब आला. साखरेची पिशवी ठेवली, दुःख झालं म्हणाला, आणि रुसोकेला गाडीमागे नेऊन समजावलं. तो चिंपांझी आपल्या कळपातला नव्हताच, बाहेरून आलेला, रानटी होता, असं गावाला सांगायचं. हंगाम तोंडावर आहे. भाला चालवणारा तुरुंगात जाईल आणि त्याला वाट दाखवणाराही. साहेबाच्या बोलण्यात पोराचं नाव एकदाही आलं नाही.

गावातले पुरुष मात्र ठरवून बसले होते. केळ्यांत विष घालायचं, सगळा कळप संपवायचा. अडिएरीचा नवरा बगोन्झा त्यांच्यात पुढे. रुसोकेनं त्याचे पाय धरले नाहीत एवढंच. त्याला मायेच्या नावानं हाक मारून म्हणाला, अकीकी, थोडा वेळ दे. मी त्यांना परत भ्यायला शिकवतो. भ्याली की बागेत पाऊल टाकणार नाहीत. बगोन्झा म्हणाला, शिकव. तुझीच शाळा आहे.

पहाटे रुसोके पत्र्याचा डबा आणि दगड घेऊन रानात शिरला. कळप उंबराखाली होता. त्यानं डबा बडवला, ओरडला, दगड भिरकावले. माद्या पिल्लं घेऊन फांद्यांवर चढल्या आणि तिथूनच बघत बसल्या. अराली खालीच राहिला. दगड खांद्यावर बसला तसा तो किंचाळला, दात विचकले, आणि रुसोकेकडेच आला. भ्यालेला चिंपांझी ओळखीच्याकडे जातो आणि धीर मागायला हात पुढे करतो. अरालीनं हात पुढे केला. रुसोकेनं त्या हातावर काठी घातली. तो विव्हळला, आणखी जवळ सरकला, परत हात पुढे केला. रुसोके मारत राहिला. स्वतःच्याच तोंडून त्याला शिव्या ऐकू येत होत्या, आणि त्या अरालीला नव्हत्या. शेवटी काठी मोडली. अराली त्याच्या गुडघ्याला टेकून थरथरत बसला.

असल्या जनावराला आता कुणीही भ्यायला शिकवू शकणार नव्हतं. आणि तो परत बागेत जाणार होता. शेंगांचा हंगाम होता, बांधाबांधावर पोरं बसलेली होती.

दुपारी रुसोके बगोन्झाच्या अंगणात आला.

"विष नको," तो म्हणाला. "माद्यांनी काही केलेलं नाही. एकटा तू ये, भाला घेऊन. मी पुढे चालतो."

बगोन्झा म्हणाला, "तुरुंगात जाशील, अटवोकी."

"जाईन."

"आणि पळाला तर?"

"मी त्याच्याजवळ बसलेला असेन. तू मागून ये, आणि एकदाच मार. नीट मार."

अडिएरी दारात उभी राहून सगळं ऐकत होती. ती आत गेली आणि नवऱ्याचा भाला घेऊन आली. तिनं तो नवऱ्याच्या हातात दिला नाही, भावाच्या दिला.