शेपटावरची अक्षरं

पेंटरने विमानाच्या शेपटावरच्या नोंदणीचं पहिलं अक्षर खरवडून काढलं, तेव्हा नाना चहाचा कप धरून हँगरच्या दारात उभे होते. हे विमान त्यांनी उमेदीची सगळी वर्षं चालवलं होतं. आज दुपारी ते परदेशी जाणार होतं आणि घेऊन जाणार होता छोटू. छोटू म्हणजे नानांचा धाकटा साडू. नानांनीच त्याला विमान शिकवलं, कंपनीत चिकटवलं आणि वर आपली मेहुणीही सुचवली. माणसाने स्वतःच्या पायावर धोंडा मारून घ्यावा तरी किती!

कंपनी लहानशी, भाड्याने माणसं नेणारी. मालकांनी जुनं विमान एका परदेशी कंपनीला देऊन टाकलं आणि तिच्याकडूनच नवं भाड्याने घेतलं. नव्याची नोंदणी तिकडचीच. नियम असा, की विमान ज्या देशात नोंदलेलं, त्या देशाची मान्यता पायलटच्या लायसन्सला हवी. ती नसेल तर भाडं घेऊन प्रवासी नेणं सोडाच, शेजारच्या सीटवर सहपायलट म्हणूनसुद्धा बसता येत नाही. आता जुन्या विमानावरही तिकडचीच अक्षरं चढत होती, म्हणजे नानांना तेही बंद.

मान्यतेसाठी तिकडून एक परीक्षक आला होता. लेखी परीक्षेत नानांना छोटूपेक्षा जास्त मार्क पडले. मग प्रत्यक्ष उड्डाण. हवेत असताना रेडिओवर आपल्या विमानाची अक्षरं सांगायची असतात. नव्या विमानात बसून नाना जुन्याची सांगू लागले. एकदा परीक्षकाने हसून सोडून दिलं. पण उतरायची परवानगी मागतानाही तेच झालं, आणि टॉवरवाल्यानेही सवयीने परवानगी देऊन टाकली ती हँगरमध्ये उभ्या असलेल्या विमानाला. खाली आल्यावर परीक्षक शांतपणे म्हणाला, की तुमचा हात उत्तम आहे, पण आकाशात तुम्ही कोण आहात हे तुम्हालाच माहीत नसेल तर मी मान्यता कशी देऊ?

छोटूला मिळाली. मालकांनी नानांना ऑफिसात बसवलं, पायलटच्या ड्यूट्या लावायला. पायलट आता एकच होता.

तेव्हापासून नाना जळत होते. उघड उघड, घरच्या जेवणाच्या टेबलावरसुद्धा. सासूबाई हल्ली जावयांचं कौतुक धाकट्यापासून सुरू करत आणि थोरल्यापर्यंत येईतो त्यांना झोप लागे. "त्याच्याकडे असं बघू नका हो," बायको म्हणायची, "घास उतरत नाही त्याच्या घशाखाली." नानांना तेवढंच जरा बरं वाटायचं.

दुपारपर्यंत नवी अक्षरं वाळली. नेहमीच्या सवयीने नाना विमानाभोवती चक्कर मारून आले. छोटू इस्त्रीच्या शर्टात आला आणि नेहमीच्या अदबीने म्हणाला, "नाना, या विमानाबद्दल काही सांगायचं असेल तर सांगा."

सांगायचं होतं. या विमानाचा डावा ब्रेक उजव्याच्या किंचित आधी पकडत असे. मेकॅनिकने मोजून पाहिलं होतं, ते मर्यादेत बसत होतं, म्हणून त्याने कुठे नोंद केली नव्हती. पण आडवा वारा असला की उतरताना विमान डावीकडे ओढ घ्यायचं, आणि हे फक्त नानांच्या पायांना ठाऊक होतं. घेऊ दे ओढ, नानांना वाटलं. मरत नाही कोणी त्याने. परक्या धावपट्टीवर, परक्या लोकांसमोर जरा वाकडं जाऊ दे याचं विमान, जरा खाली बघू दे यालाही.

"तुम्ही पुन्हा परीक्षा द्या," छोटू पुढे म्हणाला. "मी मालकांच्या कानावर घालतो."

हा आता आपला वशिला लावणार! नानांच्या अंगाचा तिळपापड झाला. "काही नाही सांगण्यासारखं," ते म्हणाले. "चांगलं आहे विमान."

छोटू आत जाऊन बसला. नाना कुंपणाकडे वळले. तिथे त्यांची मेहुणी नवऱ्याला निरोप द्यायला उभी होती. रात्रभर झोप नव्हती, असं ती सांगू लागली. एवढ्या लांब, एकटा, तेही समुद्रावरून. "पण हे म्हणाले, नानांनी स्वतः सगळं बघितलंय, मग कसली काळजी? तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला, भावोजी."

नाना मागे वळले आणि जवळजवळ धावतच विमानापाशी गेले. पायरीवर चढून त्यांनी दारातून डोकं आत घातलं.

"छोटू, डावा ब्रेक आधी पकडतो. टेकलास की उजवा पाय दाबायला लाग, डावा मागाहून. वारा आडवा असेल तर विसरू नकोस."

छोटूने पाय हलवून पाहिले. नानांनी आत हात घालून त्याचा उजवा गुडघा थोडा पुढे सरकवला. "असा," ते म्हणाले आणि त्यांनी बाहेरून दार लावून घेतलं. या विमानातलं एवढंच काय ते त्यांचं एकट्याचं होतं. आता तेही छोटूकडे गेलं.

विमान धावपट्टीवर आलं तेव्हा नाना कुंपणाला धरून टक लावून बघत होते. काहीतरी चुकावं, असं त्यांना अजूनही वाटत होतं. नाक घाईने उचललं जावं, पंख जरासा कलावा, उचललेलं चाक पुन्हा टेकावं, काहीही. पण विमान सरळ धावलं, पुरेसा वेग येईपर्यंत जमिनीवरच राहिलं आणि कसलीही घाई न करता वर गेलं. धाप लागेपर्यंत ओरडून ओरडून त्यांनी त्याला शिकवलं होतं, अगदी तसंच.

"नीट गेलं ना हो, भावोजी?"

मेहुणीने त्यांच्या बाहीला धरलं होतं. तिला विमानातलं काही कळत नव्हतं. नाना म्हणतील ते तिला खरं वाटणार होतं.

"नीट गेलं," नाना म्हणाले. विमान लहान होत होत ढगापाशी पोचलं. "माझ्यापेक्षा छान उडवतो तो."

ते खरं होतं, म्हणून बोलताना त्यांना तिच्याकडे बघता आलं नाही.