निळा तंबू आणि नाताळची सुट्टी

मी निळ्या कापडाचा एक जुना तंबू आहे, मित्रांनो. माझा रंग उन्हाने इतका विटला आहे, की मी कधीकाळी निळा होतो हे तुम्हाला सांगावंच लागेल.

माझे तुकडे एका मोठ्या शेडमध्ये कापले गेले आणि एका बाईने ते मशीनवर जोडले. शिवण संपली की ती दोन्ही हातांनी मला ताणून बघायची. माझ्या दाराला चेन होती आणि दोन्ही बाजूंना जाळीच्या खिडक्या होत्या. सुरुवातीला मी डोंगर चढणाऱ्या पोरांबरोबर फिरलो. तोरण्याच्या माचीवर मी एकदा वाऱ्याचा असा मार खाल्ला, की माझ्या दोन दांड्या वाकल्या. मग त्या पोरांनी नवे तंबू घेतले आणि मला विंझरच्या हनुमंताला विकून टाकलं.

हनुमंत भाताची शेती करायचा. त्याचं थोडं रान धरणाच्या पाण्याला लागून होतं. भात काढून झाला, की त्या मोकळ्या जागेत तो तंबूंची रांग लावायचा आणि पुण्याची माणसं सुट्टीला यायची. त्याची बायको रत्ना चुलीवर पिठलं आणि तांदळाच्या भाकरी करायची. नाताळ आला, की झाडांना चांदण्या लटकायच्या, किकवी गावच्या नातेवाइकांकडून हुरड्याची कणसं यायची आणि संध्याकाळी शेकोटी पेटायची. लहान मुलं माझ्या पोटात कोलांट्या मारायची. हुरड्याच्या चटणीचे हात माझ्या भिंतींना पुसले जायचे, पण मला त्याचा राग येत नसे. 'आम्हाला निळाच तंबू पाहिजे' म्हणून पोरं भांडायची, तेव्हा मी मनातून फुगून जायचो.

पण वर्षं गेली आणि माझ्याकडे कुणी नीट बघेना. दाराची चेन मध्येच अडकायला लागली.

"अवं, ती चेन तरी बदलून आणा की भोरातनं," रत्ना म्हणायची.

"सीझन संपू दे, मग बघू," हनुमंत म्हणायचा. सीझन संपला, की शेतीची कामं लागायची.

त्यात पाहुणे तक्रार करायला लागले, की जाळीतून गार वारा येतो. मग हनुमंताने माझ्या दोन्ही खिडक्यांवर प्लॅस्टिकचा कागद लावून तो चिकटपट्टीने पक्का बसवला.

"असं सगळं बंद करू नगा. आत माणसं निजत्यात," रत्ना म्हणाली.

"आगं, लोकं थंडी वाजती म्हणत्यात. ऐकायला नगं व्हय त्यांचं?"

मित्रांनो, त्या दिवसापासून माझ्यातून वारा खेळणं थांबलं. आतली माणसं खूश होती. मीच तेवढा कोंडल्यासारखा झालो होतो.

गेल्या नाही, त्याच्या आधीच्या नाताळात शेफाली आणि तिची मुलगी प्रांजल माझ्याकडे राहायला आल्या. प्रांजलच्या बाबांना सुट्टी मिळाली नव्हती, म्हणून मायलेकीच आल्या होत्या. प्रांजल तिसरीत होती. तिने येताना घरून चमकीच्या कागदाची चांदणी करून आणली होती. ती तिने माझ्या दारावर लावली आणि लांब जाऊन नीट दिसते का ते बघून आली.

दुपारी वरच्या धनगरवाड्यावरच्या सारजाबाई शेळ्या घेऊन पाण्यावर आल्या. त्यांच्या कळपात नुकतंच जन्मलेलं पांढरं करडू होतं. प्रांजल त्याच्यामागे पळाली, पण ते काही हाती लागेना.

"आत्ता न्हाई गावायचं ते," सारजाबाई हसून म्हणाल्या. "शेळ्या घराकडं वळवल्या, की धरून आणते तुझ्याकडं. मग घे मांडीवर."

"नक्की ना, आजी?"

"सारजाबाय सबूद दिल्यावर फिरत न्हाई."

करडाची वाट बघत प्रांजल पाण्याकाठी खेळत राहिली आणि कमरेपर्यंत भिजली. डोंगराआड सूर्य गेला, तशी ती कुडकुडायला लागली. शेफालीने तिचे कपडे बदलले, अंगावर दोन गोधड्या घातल्या, तरी पोरीचे दात वाजतच होते. बाहेर हुरडा भाजून झाला होता. भट्टीत लाल निखारे होते. शेफालीने ते एका घमेल्यात भरले, माझ्या आत आणून कोपऱ्यात ठेवले आणि वारा लागू नये म्हणून दाराची चेन लावून घेतली.

"आई, किती छान वाटतंय," प्रांजल म्हणाली.

"झोप थोडी. करडू आलं, की उठवते हं."

शेफाली तिच्या शेजारी आडवी झाली. बाहेर स्पीकरवर गाणी लागली होती. माणसं टाळ्या पिटत शेकोटीभोवती नाचत होती. हनुमंत ताटं मांडण्यात गुंतला होता. माझ्या आत धूर नव्हता, काही जळतही नव्हतं. शेफालीने एकदा कपाळ चोळलं आणि डोकं दुखतंय असं पुटपुटली. तिने उठायचा प्रयत्न केला, पण तिचा हात गोधडीवर पडला तो तिथेच राहिला. दोघी झोपल्या असं मला वाटलं. मग शेफालीचा फोन वाजायला लागला. तो थांबला आणि पुन्हा वाजला. कुणी उठलं नाही.

मला भीती वाटली. ओरडता आलं असतं, तर मी त्या गाण्यांच्या वर आवाज काढला असता. पण तंबूला कुठला आवाज?

तेवढ्यात सारजाबाई करडू काखेत घेऊन आल्या.

"ए पोरी! बघ कोन आलंय!"

आतून उत्तर आलं नाही. फोन परत वाजला.

"आगं, फोन तरी उचला!" त्यांनी माझ्या भिंतीवर थाप मारली. मग करडू खाली सोडलं आणि दार उघडायला गेल्या, तर चेन मध्येच अडकलेली. "हणमंता! ए हणमंता, हिकडं ये! ह्या उठंनात!"

गाण्यात तो आवाज बुडाला. सारजाबाई धावत गेल्या आणि हनुमंताचा दंड धरून त्याला ओढत घेऊन आल्या. त्याने चेन ओढली, झटका दिला, शिवी हासडली. चेन हलली नाही.

"सर बाजूला!" सारजाबाईंनी कमरेचा कोयता काढला, कापड हाताने वर उचलून धरलं आणि मला वरून खालपर्यंत फाडलं.

मित्रांनो, त्या वेळी मला दुखलं नाही. गार वारा भसकन आत आला आणि मला फक्त बरं वाटलं.

त्यांनी दोघींना ओढून बाहेर काढलं. उघड्या हवेत शेफालीला उलटी झाली आणि तिने डोळे उघडले. प्रांजल उठली नाही. रत्नाने गाणी बंद केली. शेफाली धड उभी राहू शकत नव्हती. ती गुडघ्यांवर सरकत मुलीपाशी आली आणि तिच्या गालांवर हात चोळत राहिली. "प्रांजू, करडू आलंय बघ. ऊठ ना गं."

हनुमंताने दोघींना जीपमध्ये घातलं. मांडीवर पोरीचं डोकं घेऊन सारजाबाईही बसल्या. जीप वेल्ह्याच्या दवाखान्याकडे गेली. त्या संध्याकाळी कुणी जेवलं नाही. माझ्या फाटक्या अंगातून वारा आरपार जात होता आणि घमेल्यातले निखारे अजून लालच होते. रत्नाने ते पाणी ओतून विझवले.

दुसऱ्या दिवशी हनुमंत परतला. त्याचा चेहरा ओळखू येत नव्हता.

"वेल्ह्यात ऑक्सिजन लावून पोरगी पुण्याला नेली," तो रत्नाला म्हणाला. "डॉक्टर म्हनले, निखाऱ्यातनं इखारी वायू निघतो. त्याला ना वास, ना रंग. बंद जागेत माणूस निजल्या निजल्या जातो. अजून थोडा उशीर झाला असता तर..." तो उठला आणि प्रत्येक तंबूच्या खिडकीवरचा प्लॅस्टिकचा कागद ओरबाडून काढत सुटला.

प्रांजल शुद्धीवर आली, पण लगेच पहिल्यासारखी झाली नाही. कितीतरी महिने ती धडे विसरायची, चार पायऱ्या चढून दमायची, आणि खोलीचं दार लावलं, की रडायची. हे सगळं शेफाली फोनवर सांगायची आणि रत्ना ते सारजाबाईंना सांगायची. फाटलेल्या मला हनुमंत जाळून टाकणार होता. सारजाबाईंनी मला मागून घेतलं आणि धनगरवाड्यावर शेळ्यांच्या गोठ्याला आडोसा म्हणून बांधलं.

गेल्या नाताळात मायलेकी पुन्हा आल्या. तंबूत राहायला नाही, सारजाबाईंना भेटायला. प्रांजल शेळ्यांमध्ये रमली. शेफाली मात्र माझ्याकडे बघत उभी राहिली.

"घमेलं मीच आत नेलं होतं, आजी," ती म्हणाली. "मीच दार लावलं. मला झोप लागत नाही अजून."

"गारठलेल्या लेकराला आईनं ऊब द्यायची न्हाई, तर कुनी?" सारजाबाई म्हणाल्या. "तुला ठावं नव्हतं. मला तरी कुठं ठावं हुतं? आता कळलंय. ज्याला कळलं न्हाई, त्याला जाऊन सांग."

शेफाली उतारावरून खाली पाण्याकडे गेली. तिथे काठाने तंबूच तंबू लागले होते, शेकोट्या पेटल्या होत्या, गाणी चालू होती. ती प्रत्येक शेकोटीपाशी थांबत होती. काही जण हसले. एकाने तोंड फिरवलं. पण वरून मी बघितलं, की एक माणूस तिचं ऐकता ऐकता उठला, धावत आपल्या तंबूत शिरला आणि निखाऱ्यांची शेगडी दोन्ही हातांनी उचलून बाहेर घेऊन आला.

मित्रांनो, मला तिच्यासारखं दारोदार जाता येत नाही. म्हणून इथूनच सांगतो. थंडीची सुट्टी खुशाल मजेत घालवा. हुरडा खा, गाणी म्हणा, शेकोटीला खेटून बसा. पण निखारे बाहेरच राहू द्या, आणि निजताना वाऱ्याला आत यायला थोडी जागा ठेवा. तो बोचेल. बोचू द्या.