बटणांच्या डब्यातली गोळी

"गोळी लपवायची ती लपवायची, आणि कुठे, तर बटणांत," धाकटी पुटपुटली. "एक दिवस मी बटण गिळेन आणि कुणाच्या तरी शर्टाला गोळी टाकेन. मग बसा शोधत."

आईच्या ओठांत टाचण्या होत्या, त्यामुळे तिला हसताही येईना आणि रागावताही. ती जमिनीवर गुडघे टेकून बसली होती. समोर स्टुलावर थोरली उभी होती, गिऱ्हाइकाचा लांब झगा अंगात घालून. गिऱ्हाईक थोरलीच्याच मापाचं, म्हणून घेर आखायला तिलाच उभं करायचं, हा या दुकानाचा जुना रिवाज.

रविवारी शटर खाली असे आणि दुपारी आई दोघींच्या आठवड्याच्या गोळ्या सात-सात खणांच्या डब्यांत भरून ठेवी. थोरलीची निळी डबी खिडकीत, चष्म्याशेजारी, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशी. कुणी विचारलंच तर आई सांगे, "मन जरा हळवं झालंय तिचं, त्याची आहे." आणि गिऱ्हाइकं माना डोलवत, कुणाची बहीण, कुणाची नणंद तसलंच काहीतरी घेत असे. धाकटीच्या गोळीला असं चारचौघांत बसवता येत नव्हतं. ती मनाची नव्हे, डोक्याची. तिची डबी बटणांच्या डब्यात राही आणि तिला बाहेर कॅल्शियम म्हणत.

आईने दोन्ही गोळ्या मनातल्या मनात कितीदा तोलल्या होत्या. थोरलीच्या गोळीने तोंड कोरडं पडे, एवढंच. धाकटीच्या गोळीने ती सकाळी दहापर्यंत उठत नसे आणि तिचे कपडे तीनदा उसवून सैल करावे लागले होते. एक हलकी, एक भारी. हलकीची काळजी जेवताखाता करायची, भारीची डोळ्यांत तेल घालून. सहा वर्षांपूर्वी अस्तराच्या आतून कुणीतरी बोलतंय म्हणून धाकटीने गिऱ्हाइकाचा नवाकोरा कोट कात्रीने उभा चिरला होता. तेव्हापासून काम संपलं की सगळ्या कात्र्या कपाटात जात. किल्ली थोरलीच्या गळ्यात, काळ्या फितीत. शहाणी म्हणून.

"सरळ उभी राहा गं," टाचण्यांतून आई म्हणाली. "वाकलीस की घेर वाकडा पडतो."

थोरली सरळ झाली. कंबरेशी झगा चार बोटं सैल लोंबत होता. गिऱ्हाईकच जाड झालं असेल, आईने ठरवलं आणि पुढची टाचणी खोचली.

"आई, हे माझं नाही."

धाकटीने बटणं परातीत ओतली होती. हातात गोळ्यांची एक पट्टी होती, न फोडलेली.

"तुझंच आहे. गोळीचं नाव वाच."

"नाव माझ्याच गोळीचं. पण ही पाच मिलिग्रॅमची आहे. मी वीसची घेते." तिने पट्टी उजेडात धरली. "अशा दोन आहेत. आणि डॉक्टरीणबाईंची चिठ्ठीपण आहे, चौघडी केलेली. चिठ्ठीवर नाव ताईचं."

आईने ओठांतल्या टाचण्या एकेक करून उशीत टोचल्या. त्याला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला.

"डॉक्टरीणबाईंची गडबड झाली असेल," ती म्हणाली. "एवढी गर्दी असते तिथे. तुझा कागद तिला आणि तिचा तुला. तिला कशाला लागतेय तुझी गोळी? तिला काय आवाज येतात?"

"त्यांनी तुला समजावलं होतं. मी होते की बाहेर बाकावर, दार उघडं होतं. ताईची गोळी एकटी पुरत नाहीये, तिच्या जोडीला ही थोडीशी द्यायची. आवाज यावे लागत नाहीत त्याला." धाकटीने चिठ्ठीवरची तारीख पाहिली. "बावीस दिवस झाले, आई."

"एका घरात एक बास झाली," आई म्हणाली. म्हटल्यावर तिला ते ऐकू आलं. तिने वर पाहिलं नाही. झग्याची कड हातात घेऊन उगाच सरळ करत राहिली.

"ताई, तुला माहीत होतं?"

"हो," स्टुलावरून थोरली म्हणाली. "राहू दे. काय फरक पडतो."

धाकटी उठली. तिच्या गळ्यात थोरलीची माप घ्यायची टेप होती. पंधरा वर्षं ती टेप कुणी नुसती उचलली तरी थोरली हात पुढे करून मागून घ्यायची. गेल्या आठवड्यात तिने ती आपण होऊन धाकटीच्या गळ्यात घातली. मापांची वही दिली. कुठल्या खुणेचा काय अर्थ, कुठल्या बाईचा डावा खांदा उतरता, सगळं बसून समजावलं. आईला किती बरं वाटलं होतं! बहिणी बहिणींत काहीतरी सुधारतंय, असं तिने शेजारणीलाही सांगितलं होतं.

"किल्ली दे, ताई."

"किल्ली?" आईचा आवाज चढला. "तुझ्या हातात कात्र्यांची किल्ली? गोळी चुकली वाटतं काल!"

"चुकली नाही. रात्री तुझ्यासमोर घेतली." धाकटी रागावली नाही. तिने टेप गळ्यातून काढून हाताभोवती गुंडाळली. "आई, ताई मला काम शिकवत नाहीये. ती आवरतेय. दवाखान्यात नेलंत ना मला, त्याच्या आधी मीपण असंच सगळं वाटून टाकलं होतं. माझी छत्रीसुद्धा. तुम्ही म्हणालात, किती शहाण्यासारखी वागतेय."

आईच्या हातात झग्याची कड तशीच होती. आता तिला वर बघणं भाग होतं. तिने थोरलीकडे पाहिलं. ही नेहमीसारखी हसून म्हणेल, अगं वेडे, काय बोलतेस, असं वाटून वाट पाहिली. इथून, खालून, झगा नुसता खांद्यांवर टांगल्यासारखा दिसत होता.

थोरलीने दोन्ही हात मानेमागे नेले. फितीची गाठ तिला सुटेना. धाकटी स्टुलाजवळ गेली, चवड्यांवर उभी राहिली आणि तिने ती सोडवली. किल्ली मुठीत ठेवून दुसऱ्या हाताने तिने बहिणीचा हात धरला.

"उतर," ती म्हणाली. "डॉक्टरीणबाईंचा नंबर आहे माझ्याकडे, रविवारीही उचलतात. काय सांगू त्यांना?"

थोरली उतरली. टाचण्या टोचत असणार, पण ती तशीच आईशेजारी जमिनीवर बसली.

"सांग," ती म्हणाली, "तिला जगावंसं वाटत नाही."