अकरा विमानांचा बेत

गिंकाने उमेदीची चौतीस वर्षं रूसेच्या रेल्वे स्टेशनात, तिकिटाच्या खिडकीमागे काढली. लोकांना सोफियाला, वार्नाला, नदीपलीकडे बुखारेस्टला धाडता धाडता तिचे केस पांढरे झाले, पण ती स्वतः गेली कुठेच नाही. तिच्या तरुणपणी सरकार देशाबाहेर जाऊ देत नव्हतं, आणि जाऊ द्यायला लागलं तेव्हा घर, मुलगी, सासूचं आजारपण. सदुसष्टाव्या वर्षी तिने नवऱ्याला बजावलं, "ल्यूबेन, आता मी जाणार. आणि जाणार तर अख्खी पृथ्वी पालथी घालून येणार. यायचं तर ये."

गावाबाहेरचा बागेचा तुकडा त्यांनी विकला. ल्यूबेन जन्मभर बोटींची इंजिनं दुरुस्त केलेला माणूस, त्याला जमिनीवरच बरं वाटायचं, पण बायकोपुढे त्याचं काय चालणार?

पृथ्वीप्रदक्षिणेच्या तिकिटाला नियम फार. एकदा पूर्वेला निघालं की पूर्वेलाच जायचं, समुद्र ओलांडून मागे फिरायचं नाही, आणि वर्षाच्या आत निघाल्या ठिकाणी परत यायचं. गिंकाला हे नियम असे आवडले की जणू तिनेच ते केले होते. वहीत आडव्या-उभ्या रेघा मारून तिने अकरा विमानं बसवली. सोफियाहून इस्तंबूल, मग दिल्ली, बँकॉक, सिडनी, ऑकलंड, सांतियागो, साव पावलो. तिथून मनाउसला जाऊन यायचं, कारण जगातली सगळ्यात मोठी नदी पाहायचीच होती. मग लिस्बन आणि घर. निघायची तारीख बारा मे.

एप्रिलमध्ये तिचं पोट दुखायला लागलं. तपासण्या झाल्या, आणि डॉक्टरांनी ल्यूबेनला खांद्याला धरून व्हरांड्यात नेलं.

आमच्याकडे आजाऱ्याला आजार सांगत नाहीत. घरच्यांना बाजूला घेतात, आणि मग घरचे हसऱ्या चेहऱ्याने आत जातात. यालाच माया म्हणायची रीत आहे, आणि तोंडावर खरं बोलणाऱ्याला कसाई म्हणतात. डॉक्टर म्हणाले, पोटातली गाठ कापण्यापलीकडे गेली आहे, फार तर नाताळपर्यंत. "पण गोळ्यांवर तीन-चार महिने त्या अगदी ठणठणीत वाटतील. मनासारखं वागू द्या त्यांना." ल्यूबेन आत गेला आणि हसून म्हणाला, "अल्सर आहे गं. तिखट बंद."

मुलगी रालित्सा स्वयंपाकघरात नळ सोडून रडली आणि बाहेर येऊन तीही अल्सरच म्हणाली.

बारा मे आला आणि गेला. ल्यूबेनने सांगितलं, अल्सर आधी भरू दे. जूनमध्ये म्हणाला, खालच्या गोलार्धात थंडी आहे. जुलैत म्हणाला, तिकिटं सप्टेंबरनंतर स्वस्त होतात. गिंका कुरकुरली, पण दर वेळी वही काढून अकराच्या अकरा विमानं नव्या तारखांवर बसवून मोकळी झाली. एकाची वेळ चुकली की पुढच्या दहांची गाठ सुटायची, मग पुन्हा सगळं पहिल्यापासून.

ऑगस्टमध्ये तिचे कपडे ढगळ झाले. सप्टेंबरात तिने फर्मान काढलं, "नोव्हेंबरात निघायचं म्हणजे लशी आत्ताच. मनाउसला पिवळ्या तापाची सक्तीच समज, शिवाय विषमज्वर, कावीळ, आणि हिवतापाच्या गोळ्या. गुरुवारची वेळ घेतली आहे."

ल्यूबेनचं धाबं दणाणलं. पिवळ्या तापाची लस म्हणजे जिवंत जंतू, तिच्या अंगात ती घालायची म्हणजे काय! मंगळवारी बाजारात जातो म्हणून तो निघाला तो चॉकलेटची पेटी घेऊन लशीच्या दवाखान्यात. तिथल्या वयस्कर डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकलं, दोनदा उसासा टाकला आणि म्हणाल्या, "घेऊन या. वयामुळे देत नाही म्हणेन, सूट दिल्याचा कागद देईन. वाईट काम करताय, पण माझ्या आईशी आम्हीही हेच केलं."

गुरुवारी त्या बाई नव्हत्या. त्यांचा नातू पडला होता म्हणून त्या धावत गेल्या होत्या, आणि खुर्चीत एक तरुण डॉक्टर होता, नीटनेटका, मन लावून काम करणारा. ल्यूबेन म्हणाला, "आपण सोमवारी येऊ." गिंका म्हणाली, "वेडा आहेस का? दंड हाच, सुई तीच."

तिने वही उघडून डॉक्टरला सगळा मार्ग समजावला. त्याला खरंच कौतुक वाटलं. मग त्याने तिच्या ओळखपत्राचा नंबर कॉम्प्युटरवर घातला. ल्यूबेनने घरातले कागद कपाटाच्या मागे दडवले होते, पण त्या यंत्राचा त्याला विचारच सुचला नव्हता.

डॉक्टर वाचत गेला आणि त्याचा चेहरा मऊ झाला. "मावशी, या गाठीवर गोळ्या चालू असताना ही लस मला देता येणार नाही. कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारलंत का प्रवासाचं?"

"विचारते," गिंका म्हणाली. तिने वही मिटली, पिशवीत ठेवली. "यांना तरी टोचा. आलोच आहोत तर."

आणि ल्यूबेनला टोचलं. लस घेतल्याच्या पिवळ्या पुस्तिकेवर शिक्का बसला, जन्मभर चालणारा. त्याने दंडावर कापूस दाबून धरला होता आणि त्याला तिच्याकडे बघण्याचा धीर होत नव्हता.

घर पाचव्या मजल्यावर, लिफ्ट नाही. हल्ली ती दर मजल्याला थांबायची. तिसऱ्या मजल्यावर पायरीवरच बसली.

"कधीपासून ठाऊक आहे तुला?"

"एप्रिल."

"रालित्साला?"

"त्याच दिवशी."

"खालच्या मजल्यावरच्या दोंकाला? उगीच नाही दर रविवारी चीजची बानित्सा भाजून आणत. मला वाटलं, म्हातारपणी तिला अक्कल आली." ती थांबली. "म्हणजे अख्ख्या जिन्याला ठाऊक. मी सोडून सगळ्यांना."

"गिंके, तुझ्या भल्यासाठीच..."

"मे महिन्यात मी कशी होते रे?"

"बरी होतीस."

"बरी? बटाट्याच्या दोन पिशव्या घेऊन न थांबता पाच मजले चढत होते मी. तू मागून धापा टाकत येत होतास." तिचा आवाज चढला नाही. "मे, जून, जुलै. माझ्याकडे तीन महिने होते, ल्यूबेन. तेवढ्यात मी सगळं बघून आले असते. माझे तीन महिने तू अल्सरवर घालवलेस."

वरच्या मजल्यावर कुणीतरी मिरच्या भाजत होतं, धूर जिन्यात उतरत होता. ल्यूबेन तिच्या खालच्या पायरीवर बसला. त्याला वाटलं, आता इथेच आपला श्वास बंद पडला तर सुटू.

"वाटेत तुला काही झालं असतं तर..."

"तर मेले असते. इथे मरतेच आहे." तिने त्याच्याकडे पाहिलं. "चौतीस वर्षं लोकांनी खिडकीत तोंड घालून मला थापा मारल्या आहेत. माझं भलंबिलं राहू दे. खरं काय ते बोल."

मग ल्यूबेन बोलला, आणि हे त्याने स्वतःलाही कधी सांगितलं नव्हतं.

"भीती वाटली मला. तुझ्यासाठी नाही, माझ्यासाठी. तू तिकडेच कुठे डोळे मिटले असतेस, तर परक्या गावात, परक्या भाषेत, मी एकटा तुला घेऊन कुणाच्या दारात उभा राहणार होतो? मला नसतं जमलं. म्हणून नेलं नाही तुला."

तो रडायला लागला. एप्रिलपासून तो तिच्यासमोर एकदाही रडला नव्हता. तिने त्याला रडू दिलं.

"हे मेमध्ये सांगायचंस," ती शेवटी हळूच म्हणाली. "मी रागावले नसते. तुला इथे ठेवून एकटी गेले असते."

अजून दोन मजले होते. ल्यूबेनने डोळे पुसले, उठून हात पुढे केला. तिने तो धरला, कारण आता तिला एकटीला चढवत नव्हतं.